सतरा अंगठ्यांचं पान

घाडी सरांना न विचारता मी आमच्या शाळेत दोनच गोष्टी केल्या आणि दोन्ही वेळा तोंडघशी पडले. पहिली नोकरीला लागल्याच्या आठव्या दिवशी, दुसरी त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. मधल्या काळात मी शहाणी झाले आहे असं मला वाटत होतं.

आमची शाळा आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. मी सावंतवाडीची, विज्ञान आणि गणित शिकवायला आलेली, अंगात नव्या नोकरीची घाई. आठव्या दिवशी मी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. हातात नववीच्या सरावाचं एक सव्वाशे पानी पुस्तक होतं आणि मला त्याच्या चाळीस प्रती हव्या होत्या, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत. मशीन गरम होत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "इचारलंस काय गो?"

मी वळून पाहिलं. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कॉलरला पाठीमागे अडकवलेली छत्री, खिशात एक निळं आणि एक लाल पेन. आमच्या शाळेचे मराठीचे शिक्षक घाडी सर. आठ दिवसांत आमचं 'नमस्कार'पलीकडे बोलणं झालेलं नव्हतं.

"कोणाला विचारायचं?" मी म्हटलं.

"ज्याचा पुस्तक तेका."

मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, की सर, मुलांसाठी आहे, मला काही विकायचं नाही. समोर एक बाई रायवळ आंब्यांची शेवटची पाटी घेऊन बसली होती. सरांनी तिच्याकडून एक फोड कापून घेतली आणि मला दिली.

"गॉड आसा?"

"आहे."

"फोडीचे पैशे दिलंस?"

"नाही."

"फोड चव बघूक असता. तेचे पैशे कोण मागणत नाय. पण तू आता हिची आख्खी बागच उतरवूक निघालंस."

मग झेरॉक्सच्या दुकानातच माझा वर्ग भरला. वर्गात शिकवताना एखादा उतारा घेणं, फळ्यावर लिहून देणं, प्रश्नपत्रिकेत घालणं, याला कायदा आडवा येत नाही. शिक्षकाला तेवढी मोकळीक दिलेली आहे. कॉपीराइट कायद्याचं बावन्नावं कलम सरांना तोंडपाठ होतं. तालुक्याच्या एका वकिलाकडून त्यांनी ते पुस्तक आणलं होतं (अर्थात विचारून) आणि त्या कलमाचं मराठी करून वहीत उतरवलं होतं. कुठे किती चालतं याबद्दल मोठमोठे वकीलसुद्धा भांडतात, हेही त्यांनीच सांगितलं. "पण सायन्सबाय," ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी कायमची सायन्सबाय झाले, "फोड खंय सपता आणि बाग खंय सुरू होता, ह्या सांगूक वकील कशाक होयो?"

"मग चाळीस मुलांनी काय करायचं?"

सरांनी शबनममधून एक पोस्टकार्ड काढलं. "लिही."

मी रागारागाने लिहिलं. तीन आठवड्यांनी प्रकाशकाचं उत्तर आलं. सोबत शाळेच्या कपाटासाठी दहा प्रती होत्या आणि लिहिलं होतं, की उरलेल्या मुलांना हवे ते प्रश्न फळ्यावर द्या, आम्हाला आनंदच आहे. सरांनी ते पत्र सगळ्या शिक्षकखोलीत फिरवलं. मला चिडायला फार जागा उरली नाही.

विचारण्याचं हे वेड त्यांच्या रक्तातच होतं. घाडी घराण्याकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान. गावात काही करायचं झालं, पेरणी असो की पालखी, की घाडी देवापुढे उभा राहून आधी विचारणार, "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां..." आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला एका सुरात म्हणणार, "व्हय म्हाराजा!" सरांचे वडील गाऱ्हाणं घालत, नंतर थोरले भाऊ घालू लागले. सर म्हणायचे, "आमच्या घराण्याचो धंदोच इचारूचो. भाऊ देवाक इचारता, मी लेखकांका इचारतंय. देव बरो, लवकर उत्तर दिता."

लेखक-कवींना लिहिलेली त्यांची पत्रंही गाऱ्हाण्यासारखीच असत. आधी कोण, कुठले, किती मुलं, मग कविता भिंतीवर रंगवायची आहे की हस्तलिखितात घ्यायची आहे, आणि शेवटी काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घालावं. उत्तरं एका जाड फायलीत लावलेली होती. शाळेच्या भिंतीवर कविता होत्या आणि प्रत्येकीखाली कवीचं नाव शीर्षकाएवढ्याच मोठ्या अक्षरात. त्याखाली बारीक अक्षरात 'यांच्या परवानगीने'. मुलांना या ओळीचा चांगलाच नाद लागला होता. 'चपला बाहेर काढाव्यात' या पाटीखाली कोणीतरी खडूने लिहिलं होतं, 'मुख्याध्यापकांच्या परवानगीने'.

एकदा तर सहामाहीच्या गणिताच्या पेपरात एका मुलाने उत्तराखाली स्वच्छ लिहिलं, 'हे उत्तर शेजारच्या दीपकच्या पेपरातून, त्याच्या परवानगीने.' मी तो पेपर घेऊन तरातरा सरांकडे गेले. म्हटलं, हे तुमचं पीक, आता तुम्हीच कापा. सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाले, "गणितात शून्य दी. नाव लिवल्याचो एक मार्क मी मराठीत दितंय." आणि खरंच दिला.

एवढ्यावरून ते फार साधे होते असं कोणी समजू नये. माणूस वैताग आणायचा. मीटिंगमध्ये कोणी इंटरनेटवरचं चित्र पडद्यावर लावलं, की मागून प्रश्न येणारच, "कोणी काढला ह्या?" दुसऱ्याच्या खुर्चीवर बसायचं तरी विचारणार. फोटोच्या बाबतीत तर कहर. न विचारता कोणी मोबाइल रोखला की ते हात आडवा धरत. विचारलं, तर आधी कॉलरचं बटण लावत, कंगवा काढत, चष्मा पुसत आणि मग श्वास रोखून उभे राहत. त्यामुळे शाळेच्या प्रत्येक फोटोत सर एक तर नाहीत, किंवा पासपोर्टला दिल्यासारखे ताठ आहेत. हसताना, खडू हातात धरून हवेत वर्तुळं काढताना, मुलांच्या मागे छत्री घेऊन धावताना, असा त्यांचा एकही फोटो नव्हता.

आता नाटकाची गजाल सांगायलाच हवी; गोष्टीला इकडे गजाल म्हणतात.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाला सर एक एकांकिका बसवत होते. लेखकाला पत्र गेलं होतं, पण ते 'पत्ता बदलला' असा शेरा घेऊन परत आलं. नवा पत्ता कोणालाच माहीत नव्हता. संमेलन चार दिवसांवर. मुलांचे चेहरे उतरले. सरांनी पुन्हा बावन्नावं कलम उघडलं आणि त्यात त्यांना वाट सापडली. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटक केलं आणि बघायला शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळेच्या कामाशी संबंध असलेली माणसंच असली, तर ते चालतं.

"म्हणजे झालंच की," मी म्हटलं.

"झाला कसा? बघूक आख्खो गाव येता."

संध्याकाळी मैदानाभोवतीच्या चिऱ्यांच्या गडग्याला जी एकुलती फट आहे, तिथे सर टेबल टाकून बसले. हातात पालकांची यादी. गाव नटूनथटून आलं होतं आणि दारातच खोळंबलं.

"तुमचा कोण शाळेत?"

"नात, सातवीक."

"जावा."

मागे बाबल्या. होडीवर जाणारा, चाळिशी उलटलेला, सडाफटिंग.

"तुझा कोण रे शाळेत?"

"माझा लगीनच खंय झाला, सर!"

"मगे तुका सोडूक येवचा नाय."

बाबल्या हलेना. त्याने डोकं खाजवलं. "सर, पडदो वडूक माणूस होयो काय?"

सरांनी पेन खाली ठेवलं, विचार केला, पुन्हा कलम वाचलं. पडदा ओढणारा म्हणजे शाळेच्या कामाशी संबंध आलाच. त्यांनी लिहिलं, 'बाबल्या - पडदा'. आणि बाबल्या आत गेला.

ही बातमी रांगेत शेवटपर्यंत पोचायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. पुढच्या अर्ध्या तासात आमच्या संमेलनाला जेवढे कार्यकर्ते मिळाले, तेवढे जत्रेलाही मिळत नसतील. पडद्याला एकूण अकरा माणसं झाली. पडदा म्हणजे दोन चादरी. शांतता राखायला चौदाजण नेमले आणि त्यांनीच सर्वांत जास्त गोंगाट केला. मुंबईहून आलेल्या दोघांना दिव्यांवर लक्ष ठेवायचं काम मिळालं. दिवे चार. एक निवृत्त साहेब मात्र खरं बोलले. "मी फक्त नाटक बघायला आलोय हो," ते म्हणाले. सरांना फार वाईट वाटलं. ते म्हणाले, "साहेबानू, मगे नाटक झाल्यार खुर्च्यो उचलूक लागतीत." साहेबांनी कबूल केलं आणि नाटक संपल्यावर कोट काढून खरोखर खुर्च्या उचलल्या.

लेखकाचा नवा पत्ता दोन महिन्यांनी लागला. सरांनी त्यांना घडलेलं सगळं कळवलं, कामांच्या यादीसकट. उत्तर आलं ते असं: 'एका पडद्याला अकरा माणसं लाभलेलं माझं हे एकमेव नाटक. पुढच्या वेळी दारात बसू नका, माझी परवानगी आहे.' ते पत्र फायलीत सर्वांत वर लागलं.

एवढं सगळं पाहूनही मी दुसरी चूक केली, ती अशी.

सरांची एक वही होती, गजालींची वही. रविवारी ते सायकल घेऊन वाड्यावाड्यांत जायचे आणि म्हाताऱ्या बायकांच्या अंगणात बसायचे. कुर्ली, म्हणजे खेकडी, तिरकी का चालते, भाताच्या कणगीत शिरलेल्या भुताला एका सुनेने कसं पळवलं, असल्या त्यांच्या गजाली लिहून घ्यायचे. मग त्यांनाच वाचून दाखवायचे आणि शेवटी विचारायचे, "ह्या पोरांका वाचूक दिवू काय?" म्हातारी म्हणायची, "दी मेल्या, माका काय इचारतंस!" आणि शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायची. प्रत्येक गजालीच्या तळाशी सांगणारीचं नाव होतं, आणि वहीच्या पहिल्या पानावर सतरा निळे अंगठे. खाली सरांच्या अक्षरात, 'या वहीत जे आहे ते यांचं आहे.' पहिला अंगठा खाडीपलीकडच्या भागीआजीचा. तिला सरांनी शब्द दिला होता, की एक दिवस याचं छापील पुस्तक होईल आणि त्यात तुझं नाव असेल.

शाळा बंद होत्या त्या दिवसांतली गोष्ट. मुलं घरात बसून कंटाळलेली, पालकांचे फोनवर फोन. सरांनी वाचायला दिलेली वही माझ्या घरच्या कपाटात होती. मी तिचे मोबाइलवर फोटो काढले, फाइल केली आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकली. तिथवर सरांनीही काही म्हटलं नसतं. पण पोरांना ती इतकी आवडली, की हौसेने मी ती जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या ग्रुपवरही टाकली. त्यातही घाई. मोबाइल पानांच्या कडा आपोआप कापत होता आणि कडांबरोबर तळाची नावं गेली. पहिलं पान मी मुद्दामच घेतलं नव्हतं. फोटोत ते निळे अंगठे नुसते शाईचे डाग दिसत होते, पान मळकट वाटत होतं. सरांना विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, माझ्या मनातच आलं नाही.

दीड वर्षाने आठवीतली सायली एक गुळगुळीत पुस्तिका घेऊन शिक्षकखोलीत आली. तालुक्याच्या गावी क्लास चालवणाऱ्या सतीशने ती छापली होती. सतीश आमच्याच शाळेचा, सरांचाच विद्यार्थी. वर सोनेरी अक्षरात 'लेखन व संकल्पना : प्रा. सतीश सर'. आत तीच कुर्ली, तेच भूत, तीच सून. आणि मागे 'सर्व हक्क राखीव. लेखी परवानगीशिवाय यातील कोणताही भाग छापू नये.'

सरांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि हसत सुटले. "बघ गो, आता माका माझीच वही वाचूक परवानगी होयी!"

पण सायली हसली नाही. ती भागीआजीची पणती. आदल्या दिवशी तिने ती पुस्तिका पणजीला वाचून दाखवली होती. पहिल्या चार ओळींतच आजी म्हणाली होती, ही माझी गजाल. मग म्हणाली, आता माझा नाव वाच. सायलीने सगळी पानं उलटली. नाव नव्हतं.

"मगे पणजी काय म्हणाली?" सरांनी विचारलं.

सायली खाली बघून म्हणाली, "म्हणाली, मास्तरान माझो अंगठो न्हेल्यान तो खंय घातल्यान?"

सरांचं हसणं थांबलं. इतक्या वर्षांत मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. आजी नव्वदीची, आणि तिच्या लेखी सरांनी तिला फसवलं होतं. मग त्यांनी विचारलं, "पण ही वही ह्येच्याकडे गेली खंयसून?"

"माझ्याकडून," मी म्हटलं.

मला वाटलं, आता ते विचारतील, इचारलंस काय? मी त्याचीच वाट बघत होते. त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी मला घरी जाऊन रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सर सकाळीच माझ्या दारात. "चल, सतीशकडे जावया."

एसटीत मी माफी मागितली. ते म्हणाले, "माझ्याकडे कशाक मागतंस? माझो अंगठो खंय आसा त्या पानार?" रात्री सरांनी तालुक्याच्या त्या वकिलाला फोन केला होता आणि त्याने नोटीस पाठवायला सांगितलं होतं. लेखकाचं नाव हा वेगळा हक्क असतो, वही तुमची, तुम्ही जिंकाल, असं तो म्हणाला होता. सरांचं म्हणणं एवढंच, की निकाल लागेपर्यंत भागीआजी कुठे असेल कोणाला ठाऊक. आणि कायदा वही लिहिणाऱ्याला ओळखतो, गजाल सांगणारीला ओळखेलच असं नाही. "हक्काचा माका कळणा नाय," ते म्हणाले, "पण नाव तर तिचाच ना गो?"

सतीशच्या क्लासात पुस्तिकांचे गठ्ठे भिंतीला लागून रचलेले. सरांना बघून तो उठून उभा राहिला, पाया पडला, आणि आम्ही कशाला आलोय ते कळल्यावर ऑफिसातल्या मराठीत बोलू लागला. "सर, ते व्हॉट्सअॅपवर आलं होतं. त्यावर कोणाचंच नाव नव्हतं. मला वाटलं, कोणाचंच नसेल."

माझी मान खाली गेली.

"वाटेर नारळ पडलेलो असता," सर म्हणाले. "तेच्यार नाव नसता. म्हणान तो कोणाच्याच माडाचो नसता काय रे?"

सतीशने समोरची पुस्तिका बाजूला सारली. मग म्हणाला, "सर, तुमी सांगशात ता करतंय." बोलणं घरच्या भाषेवर आलं, तेव्हा मला जरा धीर आला.

"अर्ज लिही."

दहावीच्या मुलांना अर्जलेखन शिकवणाऱ्या त्या प्राध्यापकाने बाकावर बसून अर्ज लिहिला. सरांनी लाल पेनाने दोन जागी दुरुस्त्या केल्या आणि खाली लिहिलं, 'परवानगी आहे.' मग म्हणाले, "ही माझी झाली. त्यांची मी कसो दिवू? तेका तुका दारात जावक लागतला."

आधी पान. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात सरांनी वहीचं ते पहिलं पान मशीनवर ठेवलं. काचेवर ठेवण्याआधी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्येची आख्खी बाग उतरवूक हरकत नाय." मी हसले, आणि तेही हसले, आणि माझ्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं. सतरा अंगठ्यांचं पान आणि नावांची यादी, पुस्तिकेच्या जितक्या प्रती तितक्या झेरॉक्स. सोनेरी अक्षरांवर चिकटवायला एक पट्टी, 'छापणारे : सतीश'. सतीशच्या बायकोने तांदळाची खळ शिजवून दिली. दुपारभर आम्ही तिघं जमिनीवर बसून पानं चिकटवत होतो. सगळ्यांत जास्त मी चिकटवली. कोणी सांगितलं नव्हतं.

उतरत्या उन्हात सतीशच्या गाडीतून निघालो. सतरापैकी सहाजणी हयात होत्या. पहिलं घर भागीआजीचं. ती पडवीत पाट टाकून बसली होती. सरांना बघून तिने तोंड फिरवलं. सरांनी सतीशला पुढे केलं. एवढा मोठा सुटाबुटातला माणूस, तिच्या समोर उकिडवा बसला.

"आजये, तुझी गजाल मी इचारल्याशिवाय छापलंय. चुकलंय. आता इचारतंय. ऱ्हवांदे काय?"

आजीने सायलीला हाक मारली. "चेडवा, आधी माझा नाव वाच."

सायलीने वाचलं. मग पानावरचा पहिला अंगठा दाखवला. आजीने आपला अंगठा त्या छापील अंगठ्यावर ठेवला, उचलून बघितला, पुन्हा ठेवला.

"तेव्हा जाडो होतो," ती म्हणाली. मग सरांकडे वळून, "आणि तू रे मास्तरा, माका वाटला तू इसारलंस."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही. सतीश अजून उकिडवाच होता, त्याला परवानगी मिळालेली नव्हती. आजीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "व्हय म्हाराजा! आता कोकमाचा सरबत घे, आणि फुडल्या येळाक आधी इचार." बाकीच्या पाच घरांतही सरबतच मिळालं. सतीश शेवटी पोट धरून गाडी चालवत होता.

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. त्यांची मुलगी कोल्हापूरला, तिच्याकडे राहायला जायचं ठरलं. निघण्याच्या दिवशी आम्ही सगळे आचरा स्टॅंडवर. साडेनऊची गाडी. सरांना खिडकी मिळाली, कॉलरला छत्री तशीच. कंडक्टर काहीतरी बोलला आणि सर तोंड उघडून, मान मागे टाकून हसले. असं हसताना त्यांना बारा-तेरा वर्षं रोज बघत होते, पण ते हसणं कोणाकडेच नव्हतं. मी मोबाइल वर केला.

त्यांनी पाहिलं. हात सवयीने कॉलरच्या बटणाकडे गेला. तेवढ्यात गाडी हलली.

मी गाडीबरोबर धावले. सावंतवाडीची आहे, पण शाळेत आल्यापासून मालवणी कधी तोंडातून काढली नव्हती. शिक्षिकेला शोभत नाही, असं उगाच वाटायचं. त्या दिवशी भर स्टॅंडवर मी ओरडले, "सर, इचारतंय! फोटो काढू काय?"

हात बटणावरून सुटला. सर खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि घाडी घराण्याच्या त्या खणखणीत गाऱ्हाण्याच्या आवाजात ओरडले, "बा देवा म्हाराजा! ही सायन्सबाय आज इचारता हा, हिका फोटो काढूक दी म्हाराजा!"

आणि गाडीतली सगळी माणसं, कोण सायन्सबाय, कसला फोटो, कोणाला काही माहीत नसताना, सवयीने एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

फोटो हललेला आहे. अर्धा चेहरा, उघडं तोंड, छत्रीची मूठ, मागे माड. आता तो शिक्षकखोलीत भिंतीवर लावला आहे. खाली मी भिंतीवरच्या कवितांच्या शीर्षकांएवढ्याच मोठ्या अक्षरात सरांचं नाव लिहिलंय आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'त्यांच्या, आणि साडेनऊच्या गाडीतल्या सर्व प्रवाशांच्या परवानगीने.'